नुसते ऑनलाइन व्हिडिओ बघून मशीन लर्निंगचं गणित पक्कं होतं का?

नुसतं बघून नाही होत, पण लेक्चर थांबवून थांबवून स्वतः गणितं सोडवलीत तर नक्की होतं, मी स्वतः असंच शिकलोय आणि आता रोजच्या कामात तेच वापरतो. सर बोर्डवर लिहीत असतात तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं, खरी परीक्षा कोऱ्या कागदावर होते. उदा. लीस्ट स्क्वेअर्स (एररच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून डेटाला रेषा बसवणं) आलं की व्हिडिओ पॉज करा, एररच्या वर्गाचा ग्रेडियंट (प्रत्येक वेट, म्हणजे मॉडेलमधला आकडा, हलवला की तो वर्ग कोणत्या दराने बदलतो ते) स्वतः काढा, तो शून्य धरून नॉर्मल इक्वेशनपर्यंत (ज्यातून वेट थेट मिळतात त्या समीकरणापर्यंत) पोचा, मगच पुढे बघा. आणि मग नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) एकेक वेट अगदी थोडं, म्हणजे 0.00001 इतकं हलवून एररचा वर्ग किती बदलतो ते त्या 0.00001 ने भागून तुमच्या ग्रेडियंटशी ताडून बघा, चिन्हाची किंवा ट्रान्सपोजची (मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभांच्या अदलाबदलीची) चूक तिथेच पकडली जाते.

क्रम असा ठेवा:
- लिनिअर अल्जेब्रा: एमआयटीचे गिल्बर्ट स्ट्रँग यांचा 18.06 हा कोर्स (रेकॉर्डिंग 1999 चं आहे पण विषय जुना होत नाही)
- प्रोबॅबिलिटी: हार्वर्डचा स्टॅट 110 हा कोर्स, हा अजिबात गाळू नका
- मग स्टॅनफर्डचा मशीन लर्निंगचा कोर्स सीएस 229, प्रॉब्लेम सेटसकट

फक्त मेझर थिअरीसारख्या (लांबी, क्षेत्रफळ, प्रोबॅबिलिटी यांचं काटेकोर गणित) प्रूफवाल्या, म्हणजे सिद्धता लिहायच्या विषयांना हे पुरत नाही, तिथे आपलं प्रूफ कुठे ढिलं आहे ते आपल्याला दिसतच नाही, ते तपासून देणारं जाणकार माणूस लागतंच.