गुरुत्वाकर्षण पाचव्या मितीत गळतंय का?

प्रश्न: नमस्कार सर, एका व्हिडिओत ऐकलं की विश्व वाढत्या वेगाने पसरतंय ते डार्क एनर्जीमुळे नाही तर गुरुत्वाकर्षण पाचव्या मितीत गळतंय म्हणून. यात काही तथ्य आहे का? आणि ही मिती दिसत का नाही? – एक वाचक, हिंगोली

उत्तर: प्रश्न खूप आवडला. १९९८ मध्ये दोन टीम्सना लांबचे सुपरनोव्हा (स्फोट होणारे तारे) हिशोबापेक्षा फिके दिसले, म्हणजे पसरणं मंदावत नाहीये, उलट वाढतंय (२०११ चं नोबेल याचंच). आणि तुम्ही ऐकलेली कल्पना २००० साली द्वाली, गाबादाद्झे आणि पोराती यांनी मांडली, मग लवकरच लक्षात आलं की यात डार्क एनर्जी (पसरण्याचा वेग वाढवणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) न घालताच पसरण्याचा वेग वाढू शकतो.

शेतातला मातीचा पाट बघा ना, विहिरीजवळच्या सरीला पाणी भरपूर मिळतं पण शेवटच्या सरीपर्यंत जाता जाता बरंचसं मुरून जातं. तसंच गुरुत्वाकर्षण जवळ पूर्ण जोरात आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवर मुरलेलं. प्रकाश आणि अणू मात्र आपल्या लांबी, रुंदी, उंची या तीन मितींनाच चिकटलेले (चौथी म्हणजे काळ), त्यामुळे पाचवी मिती असली तरी डोळ्याला किंवा दुर्बिणीला दिसणार कशी.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की गळती तपासता येते! १७ ऑगस्ट २०१७ ला लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) टकरीच्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातून पसरणारे गुरुत्वाकर्षणाचे तरंग, पकडल्या, १.७ सेकंदांनी गॅमा किरणही आले, आणि टक्कर झालेली दीर्घिका सापडली, साधारण १३ कोटी प्रकाशवर्षांवर. लहरी वाटेत गळल्या असत्या तर क्षीण होऊन पोचल्या असत्या आणि त्यांच्यावरून काढलेलं अंतर प्रकाशावरून काढलेल्यापेक्षा जास्त आलं असतं. पण दोन्ही अंतरं जुळली.

म्हणजे कल्पना संपली का? या एका मोजणीने नाही, कारण १३ कोटी म्हणजे पाटाची पहिलीच सरी. पण वेग आपोआप वाढवणारं ते मूळ मॉडेल आधीच अडचणीत होतं, सुपरनोव्हा आणि विश्वाचा सगळ्यात जुना प्रकाश यांच्या मोजमापांशी ते नीट बसत नाही आणि त्याचं गणितही अस्थिर निघतं. म्हणून मी तरी सध्या डार्क एनर्जीच्याच बाजूने आहे.

आणि तुम्ही हिंगोलीचे म्हणून मुद्दाम सांगतो, २०२३ मध्ये मंजूर झालेली लायगो-इंडिया तुमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. अजून एक वेधशाळा आली की लहर आकाशात नेमकी कुठून आली ते जास्त अचूक कळेल, मग लांबच्या टकरींच्या दीर्घिका शोधणं सोपं होईल आणि हीच दोन अंतरांची तुलना पुढच्या सरींवरही करता येईल.