रोबो कॉलेजात पळतो, मैदानात अडतो

प्रश्न : सर, आमची टीम यंदा पहिल्यांदाच रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेच्या, राष्ट्रीय फेरीला दिल्लीला गेली. कॉलेजात रोबो दहातल्या नऊ वेळा काम पुरं करायचा. तिथे पहिल्याच सामन्यात वीसेक सेकंद चालला आणि जागच्या जागी थांबला. रीट्राय घेतला, म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून चालवला, पुन्हा तेच. परत आल्यावर लॅबमध्ये लावला तर मस्त पळतोय! प्रोग्रामिंगवाले मेकॅनिकलवाल्यांना बोल लावतात, मेकॅनिकलवाले सर्किटवाल्यांना. नक्की काय झालं असेल?
– तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : आधी एक सांग. ते दहा प्रयत्न सलग घेतले होते का? की मध्ये कुणी स्क्रू आवळला, कुणी बॅटरी बदलली, कुणी कनेक्टर दाबून बसवला? एकतीस वर्षं मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काढली, आणि ‘दहातल्या नऊ वेळा’ हे वाक्य दर वर्षी ऐकलं. हात न लावता सलग पाच वेळा चालला, असं म्हणणारी टीम क्वचितच भेटली.

आता तुझा रोबो. माझा पहिला संशय बॅटरीवर. तुमची सहा सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी असणार, 22.2 व्होल्टची, पूर्ण भरली की 25.2. लॅबमध्ये तुम्ही आधी चाकं तपासता, मग पकड, मग फेकयंत्र. मैदानात ड्रायव्हर घाबरलेला असतो. तो जॉयस्टिक एकदम टोकाला नेतो, त्याच क्षणी पकडही चालू होते, आणि सगळ्या मोटरी एकदम करंट ओढतात. व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. कंट्रोलर बोर्डही त्याच बॅटरीवर, व्होल्टेज कमी करणाऱ्या स्वस्तातल्या कन्व्हर्टरमधून चालत असेल, तर तो तेवढ्यात रीसेट होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, रोबो मेला. मल्टिमीटरला तो क्षणभराचा खड्डा दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधून व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप मागून आणा, अर्धी उतरलेली बॅटरी लावा, सगळं एकदम चालवा आणि बोर्डाची पाच व्होल्टची लाइन बघा. तिथे खड्डा दिसला तर बोर्डाला वेगळी छोटी बॅटरी द्या, ग्राउंड मात्र सामाईक ठेवा.

दुसरा संशय त्या नुसत्या खोचून बसवायच्या रंगीबेरंगी जंपर वायरींवर. सांगलीपासून दिल्लीपर्यंत रेल्वेचे हादरे खाऊन त्या सैल होतात, आणि परतीच्या हादऱ्यात एखादी पुन्हा बसतेसुद्धा! घरी आल्यावर रोबो शहाण्यासारखा वागतो तो असा. स्पर्धेच्या रोबोवर जंपर वायर दिसली की मी उपटून टाकायचो. पोरं शिव्या घालायची, घालू देत. लॉक होणारे कनेक्टर वापरा आणि क्रिंप नीट करा, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूची पिन घट्ट दाबून बसवा.

तिसरा संशय ब्लूटूथवर. हॉलमध्ये शेकडो फोन आणि डझनावारी टीमचे रिमोट त्याच 2.4 गिगाहर्ट्झवर गर्दी करतात. सिग्नल तुटला की रोबोने थांबायलाच हवं, म्हणजे तुमचा रोबो कदाचित शहाण्यासारखाच वागला असेल.

या तिघांतला चोर कोणता, हे भांडून ठरत नाही. रोबोवर लांबून दिसतील असे दोन एलईडी लावा. एक बोर्ड जिवंत आहे तोवर लुकलुकणारा, दुसरा रिमोटचा सिग्नल येतोय तोवर पेटलेला. पुढच्या वेळी थांबला की कोणता दिवा गेला ते बघा. दोन्ही चालू असतील तर मोटर ड्रायव्हरकडे, म्हणजे मोटरींना करंट देणाऱ्या सर्किटकडे वळा.

2008 साली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. ही स्पर्धा 2002 मध्ये टोकियोत सुरू झाली, आणि खेळ यजमान देश ठरवतो. टोकियोत विषय फुजी पर्वताचा होता, 2008 ला आपण दिली दहीहंडी. रोबोंनी मडक्यातलं लोणी काढायचं! (2022 ला दिल्लीत लगोरी दिली. गल्लीतला खेळ असा जगभर जातो याची मला गंमत वाटते.) पण माझ्या लक्षात राहिला तो एका परदेशी टीमचा पोरगा. प्रत्येक सामन्याआधी तो ओल्या फडक्याने चाकं पुसायचा. सामना तीन मिनिटांचा, आणि हा पाच मिनिटं चाकंच पुसतोय, म्हणून आम्ही हसलो. मग कळलं, धुळीने चाक घसरलं की चाकाचे फेरे मोजणाऱ्या एन्कोडरचं मोजमाप चुकतं आणि रोबो हातभर बाजूला जाऊन उभा राहतो. तुमच्या लॅबची फरशी आणि तिथलं रंगवलेलं प्लायवूड यांची पकड सारखी नसते. दोन प्लायवूड आणून रंगवा आणि त्यावर सराव करा.

प्रश्न : मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. तीन विषयांत केटी लागली, तरी रोज रात्री दोनपर्यंत वर्कशॉपमध्ये. हे म्हणतात, बंद करा ते रोबोचं. मी काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, त्याला एवढंच विचारा : ‘रोबोचा कोणता भाग तुझ्या नावावर आहे?’ ठामपणे एखादा भाग सांगितला तर स्पर्धा होईपर्यंत थांबा. ‘सगळेच सगळं करतो’ म्हणाला, तर तो बहुतेक चहाला जातोय. पण थांबा म्हणताना माझी जीभ अडखळते. एका मुलाच्या वडिलांना मी असंच सांगितलं होतं, आणि त्या मुलाचं वर्ष गेलं. म्हणून तीनपैकी निदान एक विषय आत्ताच सोडवायचा, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : सव्वीस जणांच्या टीममध्ये आम्ही दोन मुली. आम्हाला रिपोर्ट, प्रायोजकांना मेल आणि इन्स्टाग्राम. ‘मुलींचं अक्षर छान असतं’ म्हणे. रोबोला हात लावायला कसा मिळवू?
– दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : अक्षराचं निमित्त अजून चालतं म्हणजे कमाल आहे! मागून कुणी देणार नाही, तेव्हा जे काम करायला सगळे कंटाळतात ते उचल. वायरिंग हे तसं काम आहे, हवेचं दुसरं, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या भागांचं. आमच्याकडे एका मुलीने हवेचं घेतलं होतं. थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटल्या टाकी म्हणून वापरायच्या आणि नियमाप्रमाणे 6 बारपर्यंतच भरायच्या. चरे पडलेली बाटली ती स्वतः फेकून द्यायची, कारण फुटली तर तोंडावर येते. आणि तिने एक वही ठेवली : भरल्यावर किती दाब, प्रत्येक स्ट्रोकनंतर, म्हणजे पकड एकदा चालवल्यावर, किती उरला. अकराव्या स्ट्रोकला पकड सैल पडते, हे टीममध्ये फक्त तिला माहीत होतं. सामन्यात ड्रायव्हर अकराव्यांदा बटण दाबायला गेला, तेव्हा ती बाहेरून ओरडली. पुढच्या वर्षी कॅप्टन कोण झालं, ते वेगळं सांगत नाही.

तुझ्या टीममध्ये ती वही कोणाकडे आहे? कोणाकडेच नसेल तर उद्या दुकानातून आण. अक्षर छान आहेच.