मोलच्या गणितात गुणायचं की भागायचं? युरियाची गोणी घेऊन बघा

‘ग्रॅमवरून मोल आणि मोलवरून रेणूंची संख्या काढताना कधी गुणायचं, कधी भागायचं? माझं दर वेळी उलटं होतं,’ असं तुम्ही विचारलंय. माझंही व्हायचं. अकरावीत मी तो सूत्रांचा त्रिकोण घोकला होता आणि परीक्षेत नेमका त्रिकोणच उलटा काढला. तेव्हापासून त्रिकोणाला रामराम.

एक गोष्ट पक्की धरा: ग्रॅमवरून रेणूंकडे थेट गाडी नाही. बोरिवलीहून ठाण्याला जाणारा जसा दादरला गाडी बदलतो, तसं इथे मोलला उतरावंच लागतं. (मोल म्हणजे डझनासारखंच मोजायचं एकक, फक्त त्यातली संख्या प्रचंड मोठी.)

आता युरिया घ्या. एका रेणूत कार्बन 1, ऑक्सिजन 1, नायट्रोजन 2, हायड्रोजन 4. वस्तुमानांची बेरीज 12 + 16 + 28 + 4 = 60. म्हणजे 1 मोल युरिया भरतो 60 ग्रॅम. तुमच्याकडे आहे 15 ग्रॅम. साठाहून कमी, म्हणजे उत्तर एक मोलपेक्षा कमीच यायला हवं. 15 ÷ 60 = 0.25 मोल. 900 आलं तर समजा, भागायच्या जागी गुणलंत.

पुढे रेणू. 1 मोलमध्ये 6.022 × 10²³ (2019 पासून हा आकडा 6.02214076 × 10²³ असा नेमका ठरवून टाकलाय, पण पेपरात 6.022 पुरे). 0.25 ने गुणलं की 1.5055 × 10²³ रेणू. इथे चुकून भागलंत तर 10⁻²⁵ असलं काहीतरी येतं. एक अख्खा रेणूसुद्धा नाही, आणि वाटीत तर युरिया दिसतोय!

खरी मेख पुढच्या ओळीत असते: ‘नायट्रोजनचे अणू किती?’ रेणूंवर थांबलात की गुण गेले. एका रेणूत दोन, म्हणून 3.011 × 10²³.

पटत नसेल तर 45 किलोची गोणी मोजा. 45000 ÷ 60 = 750 मोल युरिया, म्हणजे 1500 मोल नायट्रोजन अणू. गुणिले 14 (1 मोल नायट्रोजन अणू 14 ग्रॅम भरतात), म्हणजे 21000 ग्रॅम, 21 किलो. गोणीवर छापलेलं असतं नायट्रोजन 46 टक्के, त्या हिशेबाने येतात 20.7 किलो. उरलेला थोडासा फरक आपल्या गणिताचा नाही. खतातला युरिया शंभर टक्के शुद्ध नसतो, त्यात जरासा ओलावा आणि बाययुरेट (युरिया बनवताना तयार होणारा एक उपपदार्थ) असतंच.