आधी सीरममध्ये घाल

अगं,

तुझी मेल दोनदा वाचली. तुझ्या जिवाणूमारक पेप्टाइडची, म्हणजे त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, एमआयसी (जिवाणूंची वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा) साध्या ब्रॉथमध्ये, जिवाणू वाढवायच्या द्रवात, २; पन्नास टक्के सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, घातल्यावर ६४. गाईड म्हणतात, दुसरा आकडा या पेपरात नको, पुढच्या कामात बघू. आणि तू मला विचारतेस, यात गैर काय, सगळेच तसं करतात. करतात, ठाऊक आहे. त्यातले निम्मे माझ्यासमोर पोस्टर लावून उभे राहिलेले आहेत.

तो ६४ पेपरात जाणार. त्यावर चर्चा नको. चर्चा व्हायला हवी ती तो का आला यावर, आणि त्याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस. मला राग आला तो त्याचा.

तुझ्या पेप्टाइडचा क्रम पुन्हा बघ. लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं ठासून भरलीत. त्यांच्या पॉझिटिव्ह चार्जमुळे ते जिवाणूच्या निगेटिव्ह पटलाला चिकटतं आणि पटल फाडतं. पण रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिनही निगेटिव्हच, तिथेही ते जाऊन बसतं. शिवाय रक्तातली ट्रिप्सिनच्या जातीची प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) साखळी तोडतात तीही नेमकी लायसिन-आर्जिनिनपाशीच. ज्याच्या जोरावर ते मारतं, त्याच्यापायीच रक्तात ते संपतं. तुझा तो साधा म्युलर-हिंटन ब्रॉथ तुला हे जन्मात सांगणार नाही. म्हणून म्हणते, आधी सीरममध्ये घाल.

मायकेल झॅस्लॉफची गोष्ट तू सेमिनारमध्ये सांगितली असशीलच. ऑपरेशन केलेले बेडूक टाकीतल्या घाण पाण्यात सोडले तरी जखमा चिघळत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. कातडीतून त्याने मॅगेनिन हे जिवाणूमारक पेप्टाइड काढलं, १९८७ साली छापलं. सगळे इथेच थांबतात, टाळ्या घेतात. पुढचं ऐक. मॅगेनिनवरून पेक्सिगॅनन बनलं, मधुमेही पायाच्या जखमांवर लावायचं मलम. मोठ्या चाचण्या झाल्या, आणि १९९९ मध्ये एफडीएने, अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, मंजुरी नाकारली. पुढे पुन्हा चाचण्या झाल्या, २०१६ मध्ये निकाल आले, त्यातही ते औषध नसलेल्या नुसत्या मलमापेक्षा सरस ठरलं नाही. डॅप्टोमायसिन हे अँटिबायोटिक पेप्टाइड-कुळातलंच, २००३ मध्ये मंजूर झालं, आज रक्तातल्या संसर्गावर चालतं. न्युमोनियात मात्र फसलं, कारण फुफ्फुसातलं सर्फॅक्टंट, तिथला स्निग्ध द्रव, त्याला निकामी करतं. जिथे काम करायचं आहे तिथलंच द्रव विचारात घ्यायचं, एवढीच माझी रट आहे. रक्तात जायचं असेल तर आधी सीरम.

झॅस्लॉफचं मला आवडतं ते वेगळंच. या पेप्टाइडांपुढे जिवाणू कायम हार मानतील असं कसं होईल, त्यांच्यात प्रतिकार येणारच, असा इशारा उत्क्रांतीचा अभ्यासक ग्रॅहम बेलने दिला होता. झॅस्लॉफला ते पटत नव्हतं. मग दोघांनी मिळून प्रयोग लावला: पेक्सिगॅननचा डोस हळूहळू वाढवत जिवाणूंच्या ६००-७०० पिढ्या. २४ पैकी २२ वंशावळींत प्रतिकार आला. २००६ च्या त्या पेपरवर बेलसोबत झॅस्लॉफचंही नाव आहे. स्वतःचंच म्हणणं खोडणाऱ्या पेपरवर! आणि तू ६४ ला घाबरतेस.

माझ्यावर याच हट्टाचा ठपका आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचा पेपर मी सीरमसाठी अडवून धरला होता. तेवढ्यात दुसऱ्या एका लॅबने तसंच पेप्टाइड नुसत्या ब्रॉथवर छापून टाकलं. मॅडमच्या आडमुठेपणापायी पोराचं नुकसान झालं, असं लोक बोलले. झालंच. तो संशोधन सोडून औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला गेला. दिवाळीला त्याचा फोन येतो, पेपरचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. मला ते लागतं, अजून लागतं. पण त्या दुसऱ्या लॅबच्या पेप्टाइडचं पुढे काय झालं ते कुणीतरी मला दाखवावं. एकाही रुग्णापर्यंत ते पोचलेलं नाही. आज पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा अडवीन. त्याला मात्र त्या काळात रोज जवळ बसवून समजावलं असतं.

असो. आता कामाचं. नुसत्या सीरमचा, पेप्टाइड न घातलेला, कंट्रोल लावला होतास का? ई. कोलाय जिवाणूचे लॅबमधले कितीतरी वाण ताज्या सीरममधल्या कॉम्प्लिमेंटनेच, रक्तातल्या जिवाणू मारणाऱ्या प्रथिनांनीच, मरतात. ५६ अंशांवर अर्धा तास तापवून कॉम्प्लिमेंट निकामी केलेलं सीरमही सोबत ठेव. प्लेट पॉलिस्टायरीनची असेल तर पेप्टाइड भिंतीलाच चिकटून बसतं, पॉलिप्रॉपिलीनची घे. मग तोच क्रम डी-अमिनो आम्लांचा, म्हणजे नेहमीच्या अमिनो आम्लांच्या आरशातल्या रूपांचा, मागव. महाग पडेल, मागव तरी. प्रोटिएझला तो सहसा तोडता येत नाही. म्हणजे सीरममध्ये आकडा खाली आला तर दोष तुटण्याचा, ६४ च राहिला तर अल्ब्युमिनचा संशय घे. हा फरक दाखवलास तर तुझा पेपर त्या २ पेक्षा कितीतरी भक्कम होईल. आणि पेप्टाइडने आरबीसी, रक्तातल्या तांबड्या पेशी, फुटतात का, ते त्याच आठवड्यात बघ.

फेलोशिप अडकली म्हणून तू मेसचा डबा बंद केल्याचं कानावर आलंय. असला शहाणपणा करू नकोस. उद्यापासून डबा चालू कर, पैशांचं मी बघते.

गाईडना सगळं स्वतः सांग, आकडे समोर ठेवून. मेल केलीस तर मला सीसीत घेऊ नकोस. त्यांचं नि माझं जुनं आहे.