बेबीसिट: बघणं, बसणं की सांभाळणं?

बोरिवलीच्या एका आजोबांनी विचारलंय, "सून फोनवर सांगते, 'आज बाबा बेबीसिट करतायत.' स्वतःच्या नातवाला हा शब्द चालतो का? आणि मराठीत काय म्हणायचं?"

चालतो. आईवडील नसताना दुसऱ्या कुणी काही तास मुलाकडे बघायचं, एवढाच त्याचा अर्थ. पैसे घेऊन किंवा नात्याखातर. इंग्रजीत आधी बेबीसिटर आला, क्रियापद त्यावरून मागाहून पाडलं. आजीआजोबांना ते सर्रास लावतात. बापाला लावलं की मात्र तिकडेही लोक चिडतात, आणि बरोबर आहे. पोर त्याचंच, त्यात उपकार कसले?

मराठीत याला एकच क्रियापद नाही, कारण आपण आधी बाळ काय करतंय ते बघतो. झोपलं असेल तर "जरा बाळाजवळ बस, मी आंघोळ उरकते." जागं असेल तर "लक्ष ठेव." रडत असेल तर "घे गं त्याला." वाण्याकडे जाऊन यायचं तर "काकू, बघाल का जरा?" यातलं 'बसणं' म्हणजेच इंग्रजीतलं 'सिट', केईएमच्या वॉर्डातही "रात्री पेशंटजवळ कोण बसणार?" असंच विचारतात.

'सांभाळणं' बरोबर, पण फार ऐसपैस. "मावशीनं त्याला सांभाळलं" म्हणजे दोन तास की दहावीपर्यंत, ते कळत नाही. म्हणून 'तासभर', 'संध्याकाळपुरतं' असं काही जोडावं.

लोकलच्या लेडीज डब्यात तर क्रियापदाची गरजच पडत नाही. "आज मुलाकडे कोण आहे?" "सासूबाई आहेत." झालं! तुमच्या सूनबाईंनाही "आज बाळाकडे बाबा आहेत" एवढं पुरे.

पाळणाघर मात्र यात आणू नका. तिथे मूल पोहोचवावं लागतं, बेबीसिटर बहुधा घरी येते. (मातृत्व लाभ कायद्याच्या 2017च्या दुरुस्तीनं 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना जी सोय सक्तीची केली, ती पाळणाघराची.) रोज पगारावर येणारी बाई आपल्याकडे 'बाळाच्या ताई' किंवा 'मावशी'च.

ऐरोलीच्या आयटीवाल्यांचं "रात्रभर सर्व्हर बेबीसिट केला" हे वेगळं. तिथे 'सर्व्हरवर नजर ठेवून होतो' म्हणावं. आणि नव्या सहकाऱ्याबद्दल कुरकुर करायची असेल, तर "किती दिवस बोट धरून चालवायचं याला?"