घराचं रंगकाम शिकायला आयटीआय की थेट ठेकेदार?

दहावी झालेल्या भावाने रंगकाम आयटीआयमधून शिकावं की थेट ठेकेदाराकडे, असा तुमचा प्रश्न आहे. त्याला फक्त घरं-इमारतींचं रंगकाम करायचं असेल, तर रंग कंपनीचा छोटा कोर्स करून थेट ठेकेदाराच्या हाताखाली लागणं बरं. आयटीआयचा 'पेंटर जनरल' ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि त्यात भिंतींबरोबर लाकूड, धातू, स्प्रे, पाट्या रंगवणं असं बरंच येतं. एशियन पेंट्सच्या कलर अकॅडमीसारख्या ठिकाणी थोड्या दिवसांत भिंतीचं काम, वॉटरप्रूफिंग, लाकडाचं पॉलिश शिकवतात. पण खरा कस तयारीत लागतो: जुना पोपडा खरवडणं, ओल कुठून येते ते शोधणं, पुट्टीचे (भिंत सपाट करणाऱ्या लेपाचे) दोन हात, पॉलिश पेपरने घासणं, प्रायमर (रंगाआधीचा थर). रंगाचा रोलर कुणीही फिरवतो. पुट्टी लावायचा पत्रा सरळ ओढायला शिकण्यात महिने जातात, आणि तो हात साइटवरच बसतो. कोर्स निवडताना रोज प्रत्यक्ष भिंतीवर काम देतात का, एवढंच विचारा.

मात्र रेल्वेतली अप्रेंटिसशिप किंवा कारखान्यातली नोकरी डोक्यात असेल तर आयटीआयच करा, तिथे ट्रेडचं प्रमाणपत्र मागतात. दहावीच्या निकालानंतर राज्याच्या आयटीआय पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायचा. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, आधी बघून घ्या.