वाचकांचे प्रश्न : तटाला सिमेंट का नको?

प्रश्न : साल्हेरच्या तटाचे काही दगड निखळले आहेत. आमच्या दुर्गप्रेमी गटाने ते सिमेंटमध्ये बसवले तर चालेल का? इंग्लंडमधली रोमन भिंत अशीच उभी केली, असं ऐकलं. – एक वाचक, सटाणा

उत्तर : नाही, कृपया बसवू नका. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२२ च्या सुमारास बांधायला घेतलेली ती भिंत सुमारे ११७ किलोमीटर लांब. दोन्ही अंगांना घडीव दगड आणि पोटात दगडगोट्यांची भर. अठराव्या शतकात लष्करी रस्त्यासाठी तिचे दगड सर्रास नेले गेले. पुढच्या शतकात जॉन क्लेटन यांनी आजूबाजूच्या जमिनी विकत घेऊन ही नासधूस रोखली, हे त्यांचे थोर उपकार. मात्र त्यांच्या गवंड्यांनी पडलेले दगड चुन्याशिवाय, कोरडेच पुन्हा रचले. अशा पट्ट्यांत मूळ रोमन थर कुठे संपतो, हे आता शोधावं लागतं. म्हणून विसाव्या शतकात धोरण बदललं: जागेवर आहे तेवढंच पक्कं करायचं, नवं चढवायचं नाही.

आता सिमेंटचं. तटाच्या पोटात मुरलेलं पाणी एरवी दरजांतल्या चुन्यातून हळूहळू सुकून जातं. दरजा सिमेंटने बुजवल्या की ते आतच अडतं किंवा दगडातून वाट काढतं. मग क्षार दगडाच्या तोंडाशी येतात, झिजलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात. भरीत पाणी साचत राहिलं तर दर्शनी थर बाहेर फुगतो आणि एखाद्या पावसाळ्यात सिमेंटसकट कोसळतो. इंग्लंडात हेच काम गोठणारं पाणी करतं. साल्हेरला सह्याद्रीचा पाऊस पुरेसा आहे.

साल्हेर राज्य संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही. राज्य पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथला दगड हलवणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं. पडलेला दगड पडला तिथेच राहू द्या. तो कुठून सुटला, हे त्याच्या जागेवरूनच कळतं. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. तटातून पाणी जायच्या वाटा तुंबल्या असतील तर कळवा. पिंपळाचं रोप ओढून उपटू नका. मुळं भरीत शिरलेली असतात, दगड घेऊनच बाहेर येतात. परवानगीने काम निघालंच, तर मुरवलेला चुना आणि चाळलेली वाळू, साधारण १ ला ३. पावसाळा सोडून, आणि दरजा ओल्या गोणपाटाखाली ठेवून. चुना झटपट वाळला की भुकटी होतो.

प्रश्न : मुलाकडे न्यूकॅसलला जाणार आहोत. ही भिंत कुठे पाहावी? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : शहराच्या पूर्वेला वॉल्सेंडचा सेगेडुनम किल्ला जवळ आहे, पण खरी भिंत पाहायची तर हाउसस्टेड्स ते स्टील रिग हा कड्यांवरचा पट्टा. सलग लांब भाग बर्डोसवाल्डला. मे ते सप्टेंबरमध्ये जा. हिवाळ्यात तिथली माती ओली असते आणि पावलांनी जमिनीखालचे अवशेष उघडे पडतात. भिंतीवर चढू नका. गवतावरून चालताना एकामागे एक न जाता पसरून चाला, म्हणजे एकच चाकोरी पडत नाही.